उपकाराचा दवाखाना

आखातात नोकरी करून आलेला माणूस दापोलीत भेटो की पुण्यात, दवाखान्याचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकवतो: ‘तिकडे सगळं कसं व्यवस्थित असतं.’ ऐकणारे माना डोलावतात आणि त्यांतलाच कुणीतरी पुढचं वाक्य जोडतो, ‘तिथे राजकारण नाही ना!’ पहिलं वाक्य बरंचसं खरं आहे. दुसऱ्यात आपल्या काळातली एक ठळक अंधश्रद्धा दडली आहे, आणि गंडेदोऱ्यांना हसणाऱ्या शिकल्यासवरल्या मंडळींत ती जास्त आढळते. सेवा चांगली मिळत असेल तर ती कोण ठरवतो, कुणाला विचारून बदलतो, याची चौकशी करायचं कारण नाही, अशी ही श्रद्धा आहे. ती तपासायची तर सौदी अरेबियाइतकं योग्य ठिकाण नाही, कारण तिथे सेवा खरोखर उभी आहे. मोडक्या दवाखान्याला जाब विचारायला फारशी अक्कल लागत नाही.

आधी तिथलं काम नीट पाहू. टीकेच्या सोयीसाठी खरं झाकणं हेही ढोंगच. सौदी आरोग्य मंत्रालय १९५० मध्ये स्थापन झालं. १९७८ च्या अल्मा-आटा परिषदेनंतर त्या देशाने प्राथमिक आरोग्य केंद्रांचं जाळं विणलं, आणि आज अशी केंद्रं दोन हजारांवर आहेत. १९९२ च्या मूलभूत कायद्याचं ३१ वं कलम सांगतं की सार्वजनिक आरोग्याची काळजी राज्यसंस्था वाहील आणि प्रत्येक नागरिकाला उपचार पुरवील. एप्रिल २०१६ मध्ये ‘व्हिजन २०३०’ जाहीर झालं आणि या सगळ्या व्यवस्थेची फेरमांडणी सुरू झाली. तोवर दवाखाने चालवणारं, पैसे देणारं आणि तपासणी करणारं एकच मंत्रालय होतं. आता देशात वीस आरोग्य-समूह पाडले आहेत. एकेका समूहात काही रुग्णालयं आणि त्यांना जोडलेली आरोग्य केंद्रं येतात. ती चालवण्याचं काम ‘हेल्थ होल्डिंग कंपनी’ या सरकारी कंपनीकडे, पैसे देण्याचं काम राष्ट्रीय आरोग्य विमा केंद्राकडे आणि मंत्रालयाकडे फक्त नियमन, अशी ही योजना आहे. तक्रारीला आणि सल्ल्याला ९३७ हा फोन आहे, वेळ ठरवायला ‘सेहती’ हे अ‍ॅप आहे, आणि २०२२ पासून रियाधचं ‘सेहा’ आभासी रुग्णालय दूरच्या इस्पितळातल्या रुग्णाला पडद्यावरून तज्ज्ञ दाखवतं.

या फेरमांडणीमागचं तत्त्व बिनचूक आहे. जो सेवा देतो त्यानेच स्वतःच्या सेवेला गुण देऊ नयेत. माझा आक्षेप तत्त्व अर्ध्या वाटेत सोडून दिल्याला आहे. चालवणारा, पैसे देणारा आणि तपासणारा वेगळे केले, पण तिघेही उत्तर देतात ते वर, एकाच मंत्रिमंडळाला. खाली कुणालाच नाही. अशा फेरमांडणीत पदोपदी निर्णय घ्यावे लागतात: एका वस्तीतलं केंद्र दुसऱ्यात विलीन करायचं, प्रसूतीची सोय मोठ्या रुग्णालयात हलवायची, रात्रीच्या डॉक्टरऐवजी पडद्यावरचा डॉक्टर द्यायचा. यातले पुष्कळ निर्णय शहाणपणाचेही असतील. पण ज्या गरोदर बाईला उद्यापासून आणखी लांब जावं लागणार आहे, तिच्या वतीने ‘का?’ असं विचारण्याचा आणि ठरावीक मुदतीत लेखी उत्तर मिळवण्याचा अधिकार तिच्या गावातल्या कोणत्याही संस्थेकडे नाही.

वाचकाला वाटेल, राजेशाहीत अशी संस्था असणारच कशी? गंमत अशी की ती होती. २००५ मध्ये सौदी अरेबियात नगर परिषदांच्या निवडणुका झाल्या. निम्मे सदस्य निवडून आलेले, निम्मे नेमलेले, आणि मतदार फक्त पुरुष. २०११ मध्ये पुन्हा तेच. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये राजे अब्दुल्ला यांनी पुढच्या खेपेपासून स्त्रियांना मताचा आणि उमेदवारीचा अधिकार जाहीर केला. १२ डिसेंबर २०१५ ला तिसरी निवडणूक झाली. या वेळी दोन तृतीयांश जागा निवडणुकीच्या होत्या, मताचं वय २१ वरून १८ वर आलं होतं, आणि दोन हजारांहून अधिक जागांपैकी सुमारे वीस जागी स्त्रिया निवडून आल्या. मक्का प्रांतातल्या मदरका गावच्या सलमा बिन्त हिझाब अल-ओतैबी त्यांतल्या एक. निवडून आल्यावर काय वाट्याला आलं? २०१६ च्या सुरुवातीला आदेश निघाला की स्त्री सदस्यांनी सभेत पुरुषांबरोबर बसू नये, वेगळ्या खोलीतून दृक्‌श्राव्य यंत्रणेने भाग घ्यावा. लोकांनी निवडून दिलेल्या बाईला सभागृहाची भिंत पलीकडून दाखवायची आणि याला सहभाग म्हणायचं! तरीही परिषद होती, सभा होत होत्या, प्रश्न विचारले जात होते. २०१५ नंतर मात्र निवडणूक झालेली नाही. आरोग्य-समूहांची सगळी उभारणी झाली ती याच काळात.

या परिषदांच्या अखत्यारीत रस्ते, गटारं, कचरा, बागा, बाजार आणि बांधकाम परवाने होते. दवाखाना नव्हता. ही रेघ किती निरर्थक आहे हे जेद्दाइतकं कुठेच दिसत नाही. त्या शहरात १९९० च्या दशकापासून डेंग्यू ठाण मांडून आहे. साचलेलं पाणी, उघडी डबकी, फवारणी हा विषय नगरपालिकेचा. त्याच डबक्यातल्या डासाने चावलेला मुलगा तापाने फणफणला की विषय मंत्रालयाचा. २५ नोव्हेंबर २००९ ला जेद्दात पूर आला आणि शंभराहून अधिक माणसं मेली. एवढ्या श्रीमंत शहरात सांडपाण्याच्या वाहिन्या नसाव्यात, मैला टँकरने नेऊन शहराबाहेरच्या तळ्यात ओतला जावा, हे सत्य त्या पाण्याने सगळ्यांसमोर आणलं. लोक संतापले, राजाने चौकशी समिती नेमली, अधिकाऱ्यांवर खटले झाले. हे सगळं माणसं मेल्यावर. देखरेख त्याआधी लागते. ज्या परिषदेने आधीच्या चार वर्षांत हे प्रश्न धसास लावायचे होते, तिच्याकडे त्यासाठी ना पुरेसा अधिकार होता ना पुरेशी माहिती.

पण खरा धडा पुराचा नव्हे, मर्सचा आहे, आणि तो सविस्तर सांगायला हवा. जून २०१२ मध्ये जेद्दाच्या एका खासगी रुग्णालयात न्यूमोनियाने एक रुग्ण दगावला. तिथले इजिप्शियन विषाणुतज्ज्ञ अली मोहम्मद झाकी यांना त्याच्या नमुन्यात आजवर न पाहिलेला कोरोनाविषाणू आढळला; हाच पुढे मर्सचा विषाणू म्हणून ओळखला गेला. सप्टेंबरमध्ये त्यांनी ही गोष्ट साथींची सूचना देणाऱ्या आंतरराष्ट्रीय जाळ्यावर जाहीर केली. जगभरच्या प्रयोगशाळा त्यामुळे सावध झाल्या. झाकींना मात्र नोकरी सोडून मायदेशी परतावं लागलं. ज्याने धोका सांगितला तोच गेला. मागे राहिलेले त्यातून काय शिकायचं ते शिकले.

दीड वर्षाने, २०१४ च्या वसंतात, जेद्दाच्या इस्पितळांतून मर्सचा भडका उडाला. बहुतेकांना लागण दवाखान्यातच झाली होती, म्हणजे माणसं बरी व्हायला आली आणि तिथून रोग घेऊन गेली. बाधितांत परिचारिका आणि इतर कर्मचारी मोठ्या संख्येने होते. शहरातल्या किंग फहद रुग्णालयाचा आपत्कालीन विभाग काही काळ बंद ठेवावा लागला. २१ एप्रिलला आरोग्यमंत्री अब्दुल्ला अल-रबीआ यांना पदावरून हटवण्यात आलं. मग नव्या माणसांनी जुन्या नोंदी तपासल्या आणि ३ जून २०१४ ला मंत्रालयानेच जाहीर केलं की ११३ रुग्ण आधी मोजलेच गेले नव्हते. एकूण रुग्ण ६८८ आणि मृत्यू २८२.

११३ माणसं मोजायची राहिली, हा अपघात नव्हे. प्रत्येक कागद जिथे फक्त वरच्या दिशेने जातो तिथे हे घडणारच. इस्पितळाचा प्रमुख प्रांताला कळवतो, प्रांत मंत्रालयाला, आणि प्रत्येक पायरीवरचा माणूस आपल्या वरच्याला काय ऐकायला आवडेल याचा अंदाज बांधतो. याला दुष्टपणा लागत नाही, भीती पुरते. ही साखळी मोडायला आडवा प्रश्न लागतो: वरिष्ठ नसलेल्या, पण अधिकार असलेल्या माणसाने भर सभेत विचारलेला. ‘आपल्या इस्पितळातल्या किती परिचारिका आजारी आहेत?’ एवढा साधा प्रश्न मार्च २०१४ मध्ये जेद्दाच्या परिषदेत विचारता आला असता, आणि तीस दिवसांत लेखी उत्तर देणं बंधनकारक असतं, तर सगळे मृत्यू टळले असते असं मी म्हणणार नाही. ११३ रुग्ण कपाटात राहिले नसते एवढं मात्र नक्की म्हणेन.

इथे पहिला आक्षेप येतो: नगरसेवकाला वैद्यकातलं काय कळतं? काहीच कळत नसेल. पण देखरेख करणाऱ्याने नाडी पाहायची नसते. निर्णय कोणत्या माहितीवर घेतला, कुणाला विचारलं, पर्याय काय होते, रुग्णवाहिकेला किती वेळ लागेल, हे विचारायचं असतं, आणि ते विचारायला एमबीबीएस लागत नाही. इंग्लंडमध्ये २००३ पासून स्थानिक परिषदांना आरोग्य सेवेतल्या मोठ्या बदलांची छाननी करण्याचा अधिकार मिळाला. बदल पटला नाही तर प्रकरण थेट आरोग्यमंत्र्यांकडे नेता येत असे. जानेवारी २०१३ मध्ये लंडनच्या लुइशम रुग्णालयाचा आपत्कालीन आणि प्रसूती विभाग छाटायचा निर्णय मंत्री जेरेमी हंट यांनी मंजूर केला. रुग्णालय बरं चाललं होतं. शेजारच्या आरोग्य संस्थेचं दिवाळं भरून काढायला त्यावर कुऱ्हाड पडत होती. स्थानिक परिषद आणि नागरिकांची चळवळ न्यायालयात गेली. जुलैमध्ये उच्च न्यायालयाने आणि ऑक्टोबरमध्ये अपील न्यायालयाने हा निर्णय मंत्र्याच्या अधिकाराबाहेरचा ठरवला. विभाग वाचले.

त्याच देशातली उलटी गोष्टही सांगितली पाहिजे. स्टॅफर्डच्या रुग्णालयातल्या भयंकर हेळसांडीवर रॉबर्ट फ्रान्सिस यांचा चौकशी अहवाल २०१३ मध्येच आला, आणि त्याने स्थानिक छाननी समित्यांवरही ताशेरे ओढले. समित्या होत्या, बैठका होत होत्या, पण रुग्णालयाने पुढे ठेवलेला कागद त्या विश्वासाने वाचत होत्या. आणि जानेवारी २०२४ च्या अखेरीस प्रकरण मंत्र्याकडे नेण्याचा परिषदांचा तो अधिकारही काढून घेण्यात आला. म्हणजे समिती असली की काम झालं, असं मानणं हीही एक श्रद्धाच. समितीला माहिती मागण्याचा हक्क, निर्णय थांबवण्याचा काही तरी मार्ग आणि दुसऱ्याच्या कागदावर विश्वास न ठेवण्याची सवय, तिन्ही लागतात. त्यातली सवय कायद्याने देता येत नाही.

दुसरा आक्षेप आपल्याकडच्या विद्वानांचा असतो: ‘त्यांची संस्कृतीच तशी, त्यांना विचारण्याची सवय नाही.’ हा आक्षेप मला सर्वांत जास्त खटकतो, कारण तो आदराचा आव आणून केलेला अपमान आहे. १९२६ मध्ये इब्न सौद यांनी हिजाझ ताब्यात घेतल्यावर केलेल्या मूलभूत तरतुदींत मक्का, मदिना, जेद्दा इथल्या मंडळांना जागा होती. सल्लामसलत, म्हणजे शूरा, ही त्या समाजाच्या धर्मपरंपरेतलीच कल्पना आहे. राष्ट्रीय शूरा मंडळ त्याच नावाने चालतं, मात्र त्याचे सगळे दीडशे सदस्य राजा नेमतो. प्राथमिक आरोग्य केंद्रं उभी राहिली तेव्हा केंद्रांभोवती स्थानिक माणसांच्या ‘आरोग्य मित्र’ समित्या नेमण्याची पद्धतही तिथे होती. म्हणजे बी बाहेरून आणायचं नाही. ते पेरलेलं आहे, उगवू दिलेलं नाही. सौदी माणसाला प्रश्न पडत नाहीत असं मानणं आणि दलिताला शिक्षण झेपत नाही असं मानणं, यांतला तर्क एकच आहे.

तिसरा आक्षेप जास्त चिवट आहे. मसुद्यांवर लोकांची मतं मागवायला तिथे सरकारी संकेतस्थळ आहे, तक्रारीला ९३७ आहे, मग आणखी काय हवं? तक्रार माझ्यावर काय ओढवलं ते सांगते. देखरेख आपल्यावर काय ओढवणार आहे ते विचारते. तक्रार एकट्याने करायची असते, आणि एकट्याचं समाधान करून ती बंद करता येते. मत मागवणारा ऐकायला बांधलेला नसतो. अभिप्रायाचा रकाना आणि जाब विचारण्याचा हक्क यांत जी दरी आहे, ती कितीही देखणं अ‍ॅप बुजवू शकत नाही.

आणि आता आपल्या माणसांचा प्रश्न. २०२२ च्या जनगणनेत सौदी अरेबियाची लोकसंख्या ३ कोटी २२ लाख होती; त्यातले १ कोटी ३४ लाख, म्हणजे शेकडा ४१.६, परदेशी. त्यात रत्नागिरी-रायगडच्या खाडीकाठच्या गावांतली माणसं आहेत, मराठवाड्यातले चालक आहेत, इस्पितळांतल्या भारतीय परिचारिका आहेत. ३१ व्या कलमाने ‘नागरिका’ला उपचाराची हमी दिली आहे. खासगी क्षेत्रातल्या परदेशी कामगाराचा आधार म्हणजे मालकाने भरलेला सक्तीचा विमा, आणि मालकाने तो भरला नाही तर इकाम्याचं, म्हणजे तिथे राहण्याच्या परवान्याचं, नूतनीकरण अडतं, भोगतो कामगार. आखातात जाण्याआधी मुंबईत होणाऱ्या वैद्यकीय तपासणीत छातीच्या क्ष-किरण चित्रावर जुन्या क्षयाचा डाग दिसला तर कामगार निघायच्या आधीच अपात्र ठरतो. निरोगी शरीर पाठवा, आजारी झालं तर परत न्या, असा हा व्यवहार. त्याला मत नाही. परिषदेच्या निवडणुकीतही नव्हतं.

परक्याला आवाज कशाला, असं कुणी विचारील. याचं उत्तर सौदी राज्याने स्वतःच दिलं आहे. ३० मार्च २०२० ला राजे सलमान यांनी आदेश काढला: कोविडचे उपचार सर्वांना मोफत, नागरिक असो, रहिवासी असो की कागदपत्रं नसलेला. निर्णय माणुसकीचा होता आणि शहाणपणाचाही, कारण विषाणू इकामा तपासत नाही. मर्सच्या वेळी इस्पितळात आजारी पडणारी परिचारिका परदेशी होती आणि तिच्यामुळे वाचणारा किंवा मरणारा रुग्ण सौदी. तिला प्रश्न विचारू न देण्यात नुकसान तिच्या रुग्णाचंही होतं. पण साथीच्या काळात दिलेला तो अधिकार आदेशाने आला होता. आदेशाने आलेला अधिकार आदेशानेच जातो, आणि तो गेला तर कुठल्या सभागृहात चर्चा होणार आहे?

इथवर वाचून समाधानाने मान डोलावणाऱ्या मराठी वाचकाला मी जरा थांबवतो. आपल्याकडे हे सगळं आहे. १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा आहेत, त्यांच्या आरोग्य समित्या आहेत. ७३ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या अकराव्या अनुसूचीत २३ व्या क्रमांकावर रुग्णालयं, प्राथमिक आरोग्य केंद्रं आणि दवाखाने नाव घेऊन लिहिले आहेत. २००७ पासून अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद, पुणे आणि ठाणे जिल्ह्यांत लोकाधारित देखरेखीचा प्रयोग सुरू झाला. जनसुनवाईत गावकरी उभे राहून वैद्यकीय अधिकाऱ्याला विचारू लागले की औषध बाहेरून का आणायला सांगितलं. अधिकाऱ्यांना घाम फुटला, काही केंद्रं सुधारली. इतकं जगातल्या थोड्याच समाजांकडे आहे.

आणि मग आपण काय केलं? ७ मार्च २०२२ ला मुंबई महापालिकेची मुदत संपली आणि प्रशासक बसला. ठाण्यातही तसंच. निवडणुकीसाठी सर्वोच्च न्यायालयाला ६ मे २०२५ ला आदेश द्यावा लागला, आणि मतदान झालं १५ जानेवारी २०२६ ला. जवळजवळ चार वर्षं देशातल्या सर्वांत श्रीमंत महापालिकेला सभागृह नव्हतं. ऑगस्ट २०२३ मध्ये ठाणे महापालिकेच्या कळव्याच्या रुग्णालयात चोवीस तासांत अठरा रुग्ण दगावले. त्यामागची कारणं वैद्यकीय होती की व्यवस्थेची, हा चौकशीचा विषय. पण त्या दिवशी आयुक्ताला उभं करून विचारायला निवडून आलेलं सभागृह नव्हतं, ही वस्तुस्थिती आहे. मानखुर्दच्या लल्लूभाई कंपाउंडमधलं रुग्णालय खासगी भागीदारीत चालवायला देण्याचा प्रस्ताव पुढे सरकला तोही याच काळात. त्याला विरोध करायला रस्त्यावर आलेले लोक झोपडपट्ट्यांतले होते. इमारतींतले लोक या काळात एकमेकांना सांगत होते, ‘नगरसेवक नाहीत ते बरंच, कामं तरी होतात.’

हे वाक्य आणि ‘तिथे राजकारण नाही ना’ हे वाक्य एकाच तोंडातून निघतात. नगरसेवक टक्केवारी खातात, ठेकेदाराचे भागीदार असतात, आरोग्य समितीची बैठक चहा-बिस्किटात आटोपतात, हे सगळं मला मान्य आहे. पण चोर नगरसेवकाला पाच वर्षांनी घरी बसवता येतं आणि त्याची चोरी सभागृहातला त्याचा विरोधक बाहेर काढतो. प्रशासकाला विरोधक नसतो. सौदी आरोग्य-समूहाच्या प्रमुखालाही नसतो. फरक एवढाच की त्या देशातल्या माणसाकडून तो हक्क निवडणुकाच न घेऊन काढून घेतला गेला, आणि तो चार वर्षं हातात नसताना आपल्याला त्याची आठवणही आली नाही.

आता सभागृहं पुन्हा बसली आहेत. रुग्णालयाबाबतचे करार आणि मसुदे सदस्यांपुढे संपूर्ण ठेवायला सांगणं, गरिबांसाठी किती खाटा आणि त्या कोण मोजणार याचं लेखी उत्तर मागणं, उत्तर येईपर्यंत मंजुरी रोखून धरणं, एवढं आरोग्य समितीला पहिल्या तिमाहीत करता येईल. त्यासाठी नवा कायदा लागत नाही. मागणी करणारे मतदार लागतात, आणि ते पुढच्या बैठकीच्या दिवशी प्रेक्षक गॅलरीत बसलेले दिसले पाहिजेत.